सुट्या भागांची फडणिशी

आपल्या डेट्रॉइट परिसरातल्या मराठी मंडळींत ‘मी पीएलएममध्ये आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकणारा समजल्यासारखी मान डोलावतो आणि विषय मुलांच्या कॉलेजकडे वळतो. पीएलएम म्हणजे ‘प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट’. मोटार असो, विमान असो की कपडे धुण्याचं यंत्र, पहिल्या रेखाटनापासून भंगारात जाईपर्यंतचं तिचं सगळं दप्तर सांभाळणारी ही संगणकप्रणाली. ती चालती ठेवण्याचं, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’चं काम मी गेली वीस-बावीस वर्षं करते आहे. या कामाला नेमकं काय काय यावं लागतं, असं मंडळातल्या एका तरुणाने विचारलं म्हणून यादी करायला बसले. यादी लिहिताना लक्षात आलं, की तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी जुन्या घोटाळ्यातून जन्माला आली आहे. तेव्हा यादी राहू दे, इतिहासच सांगते.

या कामाला मराठीत तयार शब्द आहे, फक्त आपण तो आडनाव म्हणून ठेवून दिला आहे. फडणीस! पेशवाईत फडावरचे कागद, हिशेब आणि नोंदी सांभाळणारा तो फडणीस. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागदांचे रुमाल ही त्याच परंपरेची पुंजी. फडणीस तलवार घेऊन लढाईला जात नसे, पण त्याच्या दप्तरी नोंद नसेल तर शिलेदाराचा पगार अडायचा. आमचंही तसंच. आम्ही गाडी डिझाइन करत नाही. पण कुठला खिळा कुठल्या तारखेपासून, कुणाच्या सहीने बदलला हे आमच्या दप्तरात नसेल तर गाडी अडते. कधी कधी अडत नाही, आणि ते जास्त वाईट. त्याबद्दल पुढे.

संगणकाच्या आधी हे काम ड्रॉइंग ऑफिसात चालायचं. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांच्या ‘ब्ल्यूप्रिंट’मागची रासायनिक क्रिया सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली, आणि शतक संपता संपता कारखान्यांत ती रुळली. एका मूळ नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या आणि तिथूनच दुखणं सुरू झालं. मूळ नकाशा बदलला तरी कारखान्यात फिरणाऱ्या प्रती बदलत नाहीत! माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. त्यांच्या वेळी ब्ल्यूप्रिंट मागे पडून अमोनिया प्रिंट आली होती आणि तिचा उग्र वास त्यांच्या शर्टाला चिकटून घरी यायचा. प्रिंट रूमच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांचा एकच नियम होता, जुनी प्रिंट द्या आणि नवी घ्या. सुपरवायझर कितीही घाईत असो, शॉपवरची जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी मिळत नसे. बाबा त्यांना ‘यमदूत’ म्हणत, पण आदराने.

त्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला काय काय यायचं, ते पाहा. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट वाचता यायची : क्रमांक, कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला. सुधारणेचं अक्षर कळायचं, ए, बी, सी. अमेरिकन पद्धतीत या क्रमातून आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वगळतात. त्यातली बहुतेक अक्षरं घाईत लिहिली की आकड्यांसारखी दिसतात. (आजही एखादी नवी प्रणाली बसवताना हा नियम सांगायचा राहिला, की एचनंतर बिनदिक्कत आय येतं आणि जुना तपासनीस कपाळाला हात लावतो.) आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भागाचा क्रमांक कधी बदलायचा, हे त्याला ठाऊक असायचं. नियम जुना आणि साधा आहे. आकार, जुळणी आणि काम यांपैकी काही बदललं, आणि नवा भाग जुन्याच्या जागी बिनघोर बसवता येत नसेल, तर तो नवा भाग. त्याला नवा क्रमांक. तसं नसेल तर फक्त अक्षर पुढे सरकवायचं.

आता एकदम चंद्राकडे जाऊ. अपोलो मोहिमेत एका यानाचे लाखो भाग अनेक राज्यांतल्या कंत्राटदारांकडून येत होते. खिडकीतल्या एका माणसाचं हे काम राहिलं नव्हतं. अमेरिकन हवाई दलाने क्षेपणास्त्रांच्या कामात ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ नावाची शिस्त बसवली होती. म्हणजे ठरलेल्या टप्प्यावर रचना गोठवायची आणि पुढचा प्रत्येक बदल एका समितीपुढे आणायचा. मिनिटमन क्षेपणास्त्राचा कार्यक्रम सांभाळलेले जनरल सॅम्युअल फिलिप्स १९६४ मध्ये नासात आले आणि त्यांनी ही शिस्त अपोलोला लावली. संशोधक वृत्तीच्या लोकांना ती जाचक वाटली, हे सांगायला नको. इकडे सुट्या भागांची यादी संगणकावर ठेवण्यासाठी आयबीएमने यान बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करून एक प्रणाली उभारली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथल्या टर्मिनलवर तिचा ‘रेडी’ हा पहिला संदेश उमटला. पुढे ‘आयएमएस’ नावाने ती बाजारात आली आणि आजही मोठ्या बँका तिच्यावर व्यवहार करतात. तुमच्या एटीएमच्या मागे कदाचित चांद्रयानाच्या नटबोल्टांची यादी ठेवणाऱ्या प्रणालीची वंशज असेल!

एवढी शिस्त आणि एवढी यंत्रणा असूनही अपोलो १३ चं काय झालं, ते आठवा. चित्रपटामुळे ‘स्फोट झाला आणि तिघे सुखरूप परतले’ एवढं सगळ्यांना माहीत असतं. स्फोटाचं मूळ मात्र एका न पोचलेल्या बदलात होतं. यानातल्या प्राणवायूच्या टाकीत हीटर होता आणि टाकी जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅटचे स्विच होते. मूळ मागणीपत्रात सगळं २८ व्होल्टसाठी होतं. अवकाशतळावरची वीज ६५ व्होल्टची असणार म्हणून १९६५ मध्ये मागणीपत्र सुधारलं गेलं. टाकी बनवणाऱ्यांना ते मिळालं. पण त्या टाकीतल्या छोट्याशा स्विचपर्यंत ही सुधारणा पोचली नाही, ते २८ व्होल्टचेच राहिले. चौकशी मंडळाच्या अहवालातली झोप उडवणारी गोष्ट पुढेच आहे. नंतरच्या तपासण्यांतही ही विसंगती ना नासाच्या, ना मुख्य कंत्राटदाराच्या, ना टाकी बनवणाऱ्याच्या लक्षात आली. मार्च १९७० मध्ये चाचणीनंतर टाकी नेहमीसारखी रिकामी होईना, म्हणून हीटर काही तास चालू ठेवला गेला. ६५ व्होल्टचा प्रवाह तोडताना स्विचचे संपर्क वितळून चिकटले आणि उष्णतेने आतल्या तारांचं आवरण जळून गेलं. १३ एप्रिल १९७० रोजी पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटरवर टाकी फुटली.

मी नव्या मुलांना काम शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. कारण प्रणालीत एक बटण असतं, ‘व्हेअर यूज्ड’. हा भाग कुठे कुठे वापरला आहे, ते दाखवणारं. मुलांना ते बटण क्षुल्लक वाटतं. वरची मागणी बदलली तर खाली कुठपर्यंत झिरपली, आणि खालचा भाग बदलला तर वर कुणाकुणाला सांगायचं, हे दोन्ही दिशांनी दिसलं पाहिजे. ते दिसतं ठेवणं हे आमचं काम.

संगणकावर चित्र काढता येऊ लागल्यावर गोंधळ कमी होईल असं वाटलं होतं. झाला उलट. एमआयटीत आयव्हन सदरलँडचं स्केचपॅड १९६३ मध्ये आलं, फ्रान्सच्या दासो विमान कंपनीने १९७७ मध्ये कॅटियाचं काम सुरू केलं आणि ऐंशीच्या दशकात इंजिनिअरांच्या टेबलांवर संगणक आले. मग एकाच भागाच्या सात फायली सात जणांकडे, आणि ‘फायनल’ नावाच्या तीन. यावरचा उपाय आपल्या परसातच निघाला, हे किती जणांना माहीत आहे? साउथफिल्डमध्ये कचेरी असलेली अमेरिकन मोटर्स ही मोठ्या तिघांपुढे अगदीच धाकटी कंपनी. पैसा कमी, माणसं कमी. १९८५ च्या सुमारास त्यांचे अभियांत्रिकी प्रमुख फ्रांस्वा कास्तँ यांनी ठरवलं, की पैशात नाही तर वेळात पुढे जायचं. रेखाटनं संगणकावर आणि सगळी रेखाटनं-कागदपत्रं एका मध्यवर्ती साठ्यात. १९८७ मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स विकत घेतली आणि जीपबरोबर ही पद्धतही घेतली. पीएलएमचा जन्म बहुतेक जण तिथूनच मोजतात. मला तो मान प्रिंट रूमच्या खिडकीला द्यावासा वाटतो, पण माझं कोण ऐकतो!

मी पुण्याहून मेकॅनिकल करून इथे मास्टर्सला आले आणि २००३ च्या अखेरीस पहिल्या नोकरीला लागले, तेव्हा या धंद्यात सासरं बदलण्याची साथ आली होती. ओहायोतल्या एसडीआरसीची मेटाफेज ही प्रणाली आणि युनिग्राफिक्सवाल्यांची आयमॅन ही प्रणाली, दोन्ही कंपन्या २००१ मध्ये ईडीएसच्या घरात आल्या आणि दोघींचं नाव टीमसेंटर झालं. २००४ मध्ये ईडीएसने तो धंदा गुंतवणूकदारांना विकला, २००७ मध्ये सीमेन्सने घेतला. तिकडे पीटीसीने १९९८ मध्ये विंडचिल घेतलं, दासोने २००६ मध्ये मॅट्रिक्सवन, ओरॅकलने २००७ मध्ये अ‍ॅजाइल. आमच्या बायोडेटावर एकाच कामाची चार नावं दिसतात ती यामुळे. हौस म्हणून नव्हे.

तेव्हा शिकावं लागलेलं बरंचसं आज अडगळीत गेलं आहे. युनिक्सच्या आज्ञा, ओरॅकलच्या टेबलस्पेस, फायलींच्या ‘व्हॉल्यूम’ भरत आल्या की रविवारी पहाटे जाऊन नव्या जोडणं, टेपवरचा बॅकअप खरोखर परत येतो का हे पाहणं. (घेतलेला बॅकअप सगळेच दाखवतात. परत आणून दाखवणारा विरळा.) पुढे जावाचे सर्व्हर आले, दूरच्या कारखान्यांत फायली लवकर उघडाव्यात म्हणून स्थानिक साठे आले. हे सारं आलंच पाहिजे, पण ते सहा महिन्यांत शिकवता येतं.

न शिकवता येणारं म्हणजे परवानग्यांचं काम. कोणी काय पाहावं, कोणी बदलावं, मंजूर झाल्यावर कोणी हात लावू नये, यांचे नियम एका झाडासारखे रचलेले असतात. वरचा नियम खालच्याला झाकतो, आणि एक फांदी हलवली की भलत्याच विभागाची फळं गळतात. त्यात अमेरिकेत ‘आयटार’ नावाचा कायदा आहे. संरक्षणविषयक तांत्रिक माहिती परदेशी व्यक्तीला दाखवणं, अगदी अमेरिकेतल्या ऑफिसात बसून दाखवणं, म्हणजेही निर्यातच! नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेला माणूस त्यात आला. मी एच-वन व्हिसावर असताना एका ग्राहकाकडे अशा नकाशांभोवती कुंपण घालायचं काम आलं. कुंपण कसं घालायचं ते मी चाचणीच्या खोट्या डेटावर रचून दिलं. खऱ्या डेटावर ते बसवलं तेव्हा पहिली बाहेर गेले ती मीच. नियम अचूक चालला, याचा आनंद मानावा की काय, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

एअरबसची गोष्ट आमच्या पिढीतली. ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा होत्या. हॅम्बुर्गला बनलेले तारांचे जुडगे तूलूजला विमानात बसवताना जुळेनात, आखूड पडू लागले. इतर कारणंही होती, पण मोठं कारण हे, की जर्मनीतल्या मंडळींकडे कॅटियाची चौथी आवृत्ती होती आणि फ्रान्समधल्यांकडे पाचवी, आणि दोघींचं एकमेकींशी धड बोलणं नव्हतं. जून २००६ मध्ये विलंब जाहीर झाला, शेअर कोसळला, जुलैत एअरबसच्या आणि तिच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांना जावं लागलं. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळालं, ठरल्यापेक्षा जवळपास दीड-दोन वर्षांनी. ‘एवढं अपग्रेड पुढच्या वर्षी बघू’ असं कुणी म्हणालं की मी आवाज न चढवता हे विमान काढते. बहुतेक वेळा बजेट मिळतं.

आता मघाशी म्हटलं ते, गाडी अडत नाही ते जास्त वाईट. ही गोष्ट इथल्या कित्येक घरांच्या फार जवळची आहे, म्हणून जपून लिहिते. जनरल मोटर्सच्या कोबाल्टसारख्या काही छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच सैल होता. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये स्विचच्या आतला खटका आणि स्प्रिंग बदलायला मंजुरी दिली गेली. दुरुस्ती चांगली होती. पण भागाचा क्रमांक बदलला नाही.

परिणाम असा झाला, की नव्या गाड्यांत तो प्रकार कमी झाला, जुन्यांत चालू राहिला, आणि तपास करणाऱ्यांना फरक कशाचा ते कळेना. कागदोपत्री दोन्ही गाड्यांत एकच स्विच! शेवटी मृत्यू झालेल्या एका तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलांनी नेमलेल्या इंजिनिअरने दुकानातून नवा स्विच आणला, अपघातातल्या गाडीच्या स्विचशेजारी ठेवला आणि दोन्ही आतून तपासून पाहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झालं, सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत गेलं. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

त्या काळात ऑफिसात जेवणाच्या टेबलावर लोक विचारायचे, तुमच्या प्रणालीने हे अडवलं नसतं का? माझं प्रामाणिक मत आहे की, नसतं. प्रणाली सांगितलं ते लिहून ठेवते. क्रमांक तोच ठेव म्हटलं की ठेवते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हाती एवढंच असतं, की बदलाच्या अर्जात ‘नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी चालेल का?’ हा प्रश्न सक्तीचा करायचा, उत्तराखाली दुसऱ्या विभागाची सही मागायची आणि ती सही पुसता येणार नाही अशी व्यवस्था ठेवायची. आणि मग दर तिमाहीला कुणीतरी वरिष्ठ येऊन ‘या एका पायरीमुळे आमचे चार दिवस जातात, काढून टाका’ म्हणतो, तेव्हा बसून बोलायचं. कौशल्यांच्या यादीत हे सगळ्यांत वर घालायला हवं, पण नोकरीच्या जाहिरातीत मी ते कधी छापलेलं पाहिलं नाही.

यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गोदरेज समूहातली जिओमेट्रिक, तिने दासोबरोबर २००२ मध्ये काढलेली थ्रीडीपीएलएम, पीटीसी आणि सीमेन्सची पुण्यातली केंद्रं, हिंजवडीची टाटा टेक्नॉलॉजीज. या टाटा टेक्नॉलॉजीजने २००५ मध्ये इनकॅट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर आपल्या नोव्हायमधली कचेरीही त्यांच्याकडे आली. टेल्कोच्या आवारात इंडिकासारखी गाडी १९९८ मध्ये उभी राहिली, त्या गावात ड्रॉइंग, पार्ट नंबर, चेंज नोट हे शब्द घराघरात होते. तिथल्या मुलांना सॉफ्टवेअर शिकवायला वेळ लागला नाही, कारण बीओएम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. नुसत्या संगणकशास्त्रातून आलेल्या हुशार मुलाला सर्व्हर येतो, पण एकाच बोल्टला दोन पुरवठादार का असतात, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

सध्या सगळं क्लाउडवर चाललं आहे. सीमेन्सने २०२० मध्ये टीमसेंटरची भाड्याने घ्यायची आवृत्ती काढली, इतरांचीही तीच दिशा. व्हॉल्यूम, टेप, रविवारची पहाट हे हळूहळू विक्रेत्याकडे जातं आहे. त्यामुळे ‘आता अ‍ॅडमिनची गरज काय’ असं म्हणून आमच्या गटातली माणसं कमी करण्याचे प्रसंग मी दोन ठिकाणी पाहिले. एका ठिकाणी वर्षभराने त्यांतल्याच एकीला कंत्राटावर परत बोलावलं. जुना डेटा नव्या घरात नेताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की निम्म्या क्रमांकांत मध्ये आडवी रेघ आहे आणि निम्म्यांत नाही, दोन्ही प्रकारचे क्रमांक पुरवठादारांच्या बिलांवर छापलेले आहेत, आणि कुठला खरा हे फक्त तिला ठाऊक आहे. तिने दर ठरवताना संकोच केला नाही, हे कळल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून जेवण केलं.

त्या तरुणाला मी सांगितलं ते असं : एसक्यूएल शीक, थोडं जावा, क्लाउडचं एखादं प्रमाणपत्र घे. पण त्याआधी ज्या वस्तूचं दप्तर सांभाळायचं आहे ती बनते तिथे चार आठवडे उभा राहा. हल्ली गाडीत सॉफ्टवेअरही भाग म्हणून मोजतात आणि रात्री गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ते परस्पर बदलतं. म्हणजे एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या महिन्याभरात वेगळ्या होतात, आणि प्रत्येकीची नोंद वेगळी ठेवावी लागते. प्रिंट रूमची खिडकी आता प्रत्येक गाडीत गेली आहे म्हणायची. जुनी प्रिंट परत घेण्याचा नियम तिथे कसा लावायचा, यावर आमच्या ऑफिसात दर मंगळवारी दहा वाजता बैठक असते. अजून ठरलेलं नाही.